घरातल्या खोलीसाठी बास हॉर्न: कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या ५० हर्ट्झच्या हॉर्नची आखणी आणि बांधणी

बास हॉर्न, म्हणजे वूफरपुढे (खालच्या स्वरांच्या स्पीकरपुढे) हळूहळू रुंदावत जाणारी लाकडी नळी, बांधायला निघालेला नवखा माणूस बहुधा वूफरच्या निवडीपासून सुरुवात करतो. हॉर्नच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी खोलीचा कोपरा पाहावा, मग किती खालच्या स्वरापर्यंत जायचे ते ठरवावे, त्यावरून लाकडी पेटीचे आकारमान काढावे आणि त्यानंतरच वूफरकडे वळावे. या क्रमाचे कारण असे की हॉर्नचे आकारमान ध्वनीच्या तरंगलांबीने ठरते आणि तरंगलांबीशी कोणतीही तडजोड करता येत नाही. लहान पेटीत मोठा हॉर्न बसवल्याचे दावे अधूनमधून वाचायला मिळतात, परंतु प्रत्येक वेळी खालचे स्वर, कार्यक्षमता किंवा प्रतिसादाचा सपाटपणा यांपैकी काहीतरी सोडलेले असते. म्हणून या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे: साधारण १२ बाय १५ फुटांची खोली, कोपऱ्यात उभा राहणारा, ५० हर्ट्झ कटऑफचा (म्हणजे तेवढ्या खालच्या स्वरापर्यंत काम करणारा), १२ इंची वूफरचा, आत दुमडलेल्या वाटेचा म्हणजे घडीचा हॉर्न. आकडे बदलले तरी हिशेबाची पद्धत हीच राहते.

हॉर्न नेमके काय करतो

वूफरचा पडदा जड असतो आणि त्याच्यासमोरची हवा फार हलकी. त्यामुळे नेहमीच्या पेटीतला वूफर त्याला मिळालेल्या विद्युतशक्तीपैकी साधारण एक टक्काच ध्वनीत बदलतो आणि उरलेली शक्ती मुख्यतः व्हॉइस कॉइलमध्ये (पडद्याला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यात) उष्णता होऊन जाते. पडद्यासमोर अरुंद गळा ठेवून तिथून हळूहळू रुंदावत जाणारी नळी जोडली, तर पडद्याला हवेचा खरा भार जाणवतो आणि कार्यक्षमता दहा टक्के किंवा त्याहून अधिक होऊ शकते. ए. जी. वेब्स्टर यांनी या नळीचे गणित १९१९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९२४ मध्ये हॅना व स्लेपियन यांनी ते लाउडस्पीकरच्या आखणीला लावले. त्यानंतरची बहुतेक सगळी वाट याच पायावर उभी आहे.

घरात मात्र आवाजाची पातळी हा मुख्य लाभ नाही. मुख्य लाभ असा की तेवढ्याच पातळीसाठी पडदा फार कमी सरकतो. पडदा कमी सरकला की विकृती घटते, आणि खालच्या स्वरासाठी मागेपुढे होणाऱ्या पडद्यावरून वरचा स्वर निघताना दोन्ही स्वर एकमेकांत मिसळून जी गढूळता येते, तीही घटते. डग्ग्यावरची मींड आणि त्याच वेळी वाजणारा चाटीचा बोल वेगवेगळे, स्वच्छ ऐकू येणे, हे चांगल्या बास हॉर्नचे लक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते.

आकाराची कल्पना यावी म्हणून लंडनच्या सायन्स म्युझियममधील डेनमन यांचा हॉर्न आठवावा. रॉडरिक डेनमन यांनी १९३० च्या सुमारास बांधलेल्या या घातांकी (ठरावीक अंतरानंतर क्षेत्रफळ दुप्पट होत जाणाऱ्या) हॉर्नची लांबी २७ फूट होती, मुख म्हणजे रुंद टोक साधारण २.१६ मीटर बाजूचा चौरस होता आणि कटऑफ ३२ हर्ट्झ होता. म्हणजे मुखाचे क्षेत्रफळ जवळजवळ ४.७ चौरस मीटर. घरातील बास हॉर्न शक्य झाला तो कोपऱ्यामुळे. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३० च्या दशकात आणि अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या भिंती व जमीन यांनाच हॉर्नचा शेवटचा भाग म्हणून वापरले. क्लिप्शहॉर्न १९४६ पासून बाजारात आहे, आणि त्यामागचा विचार आजही घरगुती बांधणीचा सर्वांत भक्कम आधार आहे.

पहिली पायरी: कोपरा पाहणे

मोकळ्या अवकाशात हॉर्नच्या मुखाचा घेर कटऑफच्या एका तरंगलांबीइतका असावा लागतो. हॉर्न जमिनीवर ठेवला की लागणारे क्षेत्रफळ निम्मे होते, जमीन व भिंत यांच्या सांध्यात चतुर्थांश, आणि जमीन व दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात अष्टमांश. हा आठपट फायदा कोपऱ्याखेरीज दुसरीकडे कुठेही मिळत नाही. म्हणून ज्या खोलीत कोपरे मोकळे नाहीत, त्या खोलीत बास हॉर्नचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोपऱ्यापासून दोन्ही भिंती किमान सव्वा मीटर सलग असाव्यात. त्या अंतरात दरवाजा, सरकती काचेची खिडकी किंवा गॅलरीचे दार आले, तर तिथून बास निसटतो. आपल्याकडच्या इमारतींतील विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती या कामाला उत्तम असतात, कारण त्या हलत नाहीत. जिप्समच्या पोकळ पार्टिशनची भिंत मात्र खालच्या स्वरांना स्वतःच कंप पावते आणि ऊर्जा खाऊन टाकते. प्लास्टरमुळे कोपरा अचूक ९० अंशांचा नसणे हे नेहमीचेच आहे, त्याची चिंता करू नये. फट राहिली तर ती फोमच्या पट्टीने भरता येते.

हॉर्न ३०० हर्ट्झपर्यंत वाजवायचा असेल तर तो जोडीनेच बांधावा लागतो, म्हणजे एकाच भिंतीच्या दोन टोकांना दोन चांगले कोपरे हवेत. एकच कोपरा उपलब्ध असेल तर डावा व उजवा चॅनेल एकत्र करून एकच हॉर्न साधारण १०० हर्ट्झपर्यंत वापरावा, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही.

दुसरी पायरी: कटऑफ ठरवणे

येथे मोह आवरावा लागतो. आपण काय ऐकतो याचा आधी विचार करावा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातील जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. बास गिटारची आणि डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तर पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. ज्याच्या संग्रहात मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीते आणि जुनी चित्रपटगीते आहेत, त्याला ५० हर्ट्झचा हॉर्न काहीही उणे पडू देत नाही.

आता खाली जाण्याची किंमत पाहावी. पुढे येणाऱ्या उदाहरणातील गळा कायम ठेवून कोपऱ्यातील घातांकी हॉर्नचा हिशेब केला, तर ५० हर्ट्झला मुख ०.४७ चौरस मीटर, लांबी १.६८ मीटर आणि आतील आकारमान सुमारे २४५ लिटर येते. ४० हर्ट्झला मुख ०.७४ चौरस मीटर, लांबी २.४ मीटर आणि आकारमान सुमारे ४९० लिटर होते. ३० हर्ट्झला मुख १.३ चौरस मीटर, लांबी ३.७ मीटर आणि आकारमान जवळजवळ १,१७० लिटर. शिवाय हे सगळे एका बाजूचे, आणि हॉर्न दोन लागतात. कटऑफ निम्म्यावर आणला तर लाकडाचा डोलारा ढोबळमानाने आठपट होतो. नवख्याने ५० हर्ट्झवर थांबावे आणि त्याखालचे स्वर खरोखर हवे असतील तर पुढे वेगळा बंद पेटीचा सबवूफर जोडावा.

तिसरी पायरी: मुख आणि विस्तार यांचे गणित

ध्वनीचा वेग ३४४ मीटर प्रतिसेकंद धरावा. आपल्याकडच्या ३० अंश तापमानात तो ३४९ च्या आसपास असतो, परंतु दीड टक्क्याचा हा फरक येथे दुर्लक्षिता येतो.

कोपऱ्यातील मुखाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढण्यासाठी १,१७७ या संख्येला कटऑफच्या वर्गाने भागावे. ५० चा वर्ग २,५००, म्हणून उत्तर ०.४७ चौरस मीटर, म्हणजेच सुमारे ४,७०० चौरस सेंटिमीटर.

घातांकी हॉर्नमध्ये ठरावीक अंतरानंतर क्षेत्रफळ दुप्पट होत जाते. ते अंतर मीटरमध्ये काढण्यासाठी १९ ला कटऑफने भागावे. १९ भागिले ५० म्हणजे ०.३८ मीटर. गळ्यापासून दर ३८ सेंटिमीटरला क्षेत्रफळ दुप्पट होते, एवढे लक्षात ठेवले तरी संपूर्ण हॉर्न कागदावर काढता येतो. अतिपरवलयी विस्ताराचे हॉर्न कटऑफच्या जवळ अधिक चांगला भार देतात, पण ते लांब होतात आणि त्यांच्या गळ्याजवळची अरुंद वाट बांधायला अवघड जाते. पहिल्या बांधणीसाठी घातांकी विस्तारच घ्यावा.

चौथी पायरी: वूफर आणि गळा

हॉर्नसाठी वूफर निवडताना पाच आकडे लागतात: मुक्त अनुनाद वारंवारता एफएस, विद्युत क्यू (मॅग्नेट आणि कॉइल अनुनादाला किती आवरतात याचा आकडा) म्हणजे क्यूईएस, एकूण क्यू, समतुल्य हवेचे आकारमान व्हीएएस, आणि पडद्याचे क्षेत्रफळ एसडी. एफएसला क्यूईएसने भागल्यावर येणारा आकडा १०० पेक्षा मोठा असेल तर वूफर हॉर्नच्या कामाचा समजावा. याचा अर्थ असा की मॅग्नेट बलवान आणि पडदा हलका हवा. गाडीत बसवायचे लांब सरकणारे, जड पडद्याचे सबवूफर येथे चालत नाहीत. त्यांचा जडपणा हॉर्नची वरची मर्यादा फार खाली आणतो. सभा-समारंभांच्या ध्वनिक्षेपणासाठी बनलेले, घट्ट कागदी पडद्याचे १२ इंची वूफर बहुधा योग्य ठरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ते मिळतात, मात्र ज्यासोबत हे आकडे छापून येत नाहीत तो वूफर घेऊ नये. घेतलेला वूफर काही तास वाजवून मोकळा करावा आणि मग हे आकडे स्वतः मोजावेत, कारण छापील आकडे आणि हातातला नग यांत फरक असतो आणि पेटी त्या नगासाठीच कापायची असते.

आपल्या उदाहरणातील वूफरचे एफएस ४० हर्ट्झ, क्यूईएस ०.३, एकूण क्यू ०.२८, व्हीएएस १०० लिटर आणि एसडी ५३० चौरस सेंटिमीटर धरू. ४० भागिले ०.३ म्हणजे १३३, म्हणून निवड योग्य आहे.

गळ्याचे क्षेत्रफळ काढण्यासाठी ६.२८, एफएस, क्यूईएस आणि घनमीटरमधील व्हीएएस यांचा गुणाकार करून त्याला ३४४ ने भागावे. ६.२८ गुणिले ४० गुणिले ०.३ गुणिले ०.१ हे ७.५४ होतात, आणि त्याला ३४४ ने भागल्यावर ०.०२१९ चौरस मीटर म्हणजे २१९ चौरस सेंटिमीटर येतात. पडद्याचे क्षेत्रफळ गळ्याच्या सुमारे २.४ पट झाले. हे गुणोत्तर दोन ते तीनच्या दरम्यान असले की पडद्यावर अवाजवी दाब येत नाही.

वूफरच्या वस्तुमानामुळे येणारी वरची मर्यादा एफएसच्या दुपटीला एकूण क्यूने भागून मिळते: ८० भागिले ०.२८, म्हणजे सुमारे २८५ हर्ट्झ. त्यापुढे प्रतिसाद उतरू लागतो. तेव्हा मधल्या पट्ट्याच्या स्पीकरशी सांधा २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ठेवायचा, हे येथेच ठरून जाते.

मुखाला गळ्याने भागले की २१.५ हे गुणोत्तर मिळते. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ३.०७ आहे आणि ५० हर्ट्झच्या विस्ताराचा स्थिरांक (१२.५७ गुणिले ५० भागिले ३४४) १.८३ प्रतिमीटर आहे. ३.०७ भागिले १.८३, म्हणजे लांबी १.६८ मीटर.

पाचवी पायरी: मागचा आणि पुढचा कप्पा

वूफरच्या मागे पूर्ण बंद कप्पा असतो. कटऑफच्या जवळ हॉर्नमधली हवा वस्तुमानासारखी वागू लागते. मागच्या कप्प्यातली हवा स्प्रिंगसारखी वागून तो परिणाम खोडून काढते. त्यामुळे या कप्प्याचे आकारमान अंदाजाने घेता येत नाही. व्हीएएसला क्यूईएसने आणि एफएस भागिले कटऑफ या गुणोत्तराने गुणावे: १०० गुणिले ०.३ गुणिले ०.८, म्हणजे २४ लिटर. ही वूफरच्या स्वतःच्या लवचिकतेसह हवी असलेली एकूण स्प्रिंग झाली. त्यातून वूफरचा वाटा काढण्यासाठी २४ आणि १०० यांचा गुणाकार करून त्यांच्या फरकाने, म्हणजे ७६ ने भागावे. कप्पा सुमारे ३१.६ लिटरचा येतो. वूफरच्या मॅग्नेटने आणि बास्केटने व्यापलेली दोन-तीन लिटर जागा यात वेगळी मिळवावी.

पडदा आणि गळा यांच्यामध्ये राहणारी जागा हा पुढचा कप्पा. तो जितका लहान तितका चांगला. तीन लिटर असल्यास त्याची वरची मर्यादा साधारण ८०० हर्ट्झवर येते, जी आपल्या कामापलीकडे आहे. पडदा जोरात सरकला तरी त्याची कड समोरच्या लाकडाला लागणार नाही, एवढे अंतर मात्र अवश्य ठेवावे.

सहावी पायरी: संगणकावर पडताळणी

ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड मॅकबीन यांनी तयार केलेले हॉर्नरिस्प हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामासाठी त्याच्या तोडीचे दुसरे मी पाहिलेले नाही. त्यात गळा आणि मुख चौरस सेंटिमीटरमध्ये, लांबी सेंटिमीटरमध्ये, मागचा कप्पा लिटरमध्ये आणि पुढचा कप्पा घनसेंटिमीटरमध्ये भरायचा असतो. नवख्यांची गल्लत दोन ठिकाणी होते. अवकाशाच्या रकान्यात कोपऱ्यासाठी ०.५ पाय (०.५ π) निवडावे लागते. तिथे दुसरे काही राहिले तर निकाल भलतेच दिसतात. आणि पडद्याचे वस्तुमान हवेच्या भाराशिवायचे द्यायचे असते, तर वूफरसोबतच्या कागदावर ते बहुधा हवेच्या भारासह छापलेले असते.

आलेखात ५० ते ३०० हर्ट्झदरम्यान दोन-तीन डेसिबलच्या लाटा दिसल्या तर त्या स्वीकाराव्यात. मोठे शिखर आणि खोल दरी आलटूनपालटून दिसत असतील, तर मुख लहान पडले आहे. पडद्याच्या सरकण्याचा आलेखही पाहावा. कटऑफच्या खाली हॉर्नचा भार नाहीसा होतो आणि पडदा एकदम मोकळा सुटतो. हे चित्र एकदा नीट पाहिले की पुढे सांगितलेला हायपास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचे स्वर अडवणारा) का अनिवार्य आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सातवी पायरी: घडी घालणे

१.६८ मीटर लांबीचा हॉर्न सरळ ठेवणे घरात शक्य नसते, म्हणून त्याची घडी घालावी लागते. सर्वांत सोपी रचना म्हणजे दोन बाजूच्या फळ्या समांतर ठेवून त्यांतील अंतर कायम ठेवणे. आपण हे अंतर ४५ सेंटिमीटर घेऊ. मग आतल्या सगळ्या फळ्या एकाच रुंदीच्या कापल्या जातात आणि फक्त वाटेची उंची वाढत जाते: गळ्यापाशी ४.९ सेंटिमीटर, ३८ सेंटिमीटरवर ९.७, ७६ वर १९.५, ११४ वर ३८.९, १५२ वर ७७.९ आणि मुखाशी १०४.६. या टप्प्यांमध्ये वाट सरळ फळ्यांनी जोडली तरी खालच्या स्वरांना फरक पडत नाही.

वळणे कुठे घ्यावीत याचा नियम असा की वळणाच्या जागी वाटेची रुंदी वापरातल्या सर्वांत वरच्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीपेक्षा बरीच कमी असावी. ३०० हर्ट्झची अर्धी तरंगलांबी ५७ सेंटिमीटर असते, म्हणून दोन्ही वळणे ११४ सेंटिमीटरच्या आत संपवावीत आणि शेवटचा अर्धा मीटर सरळ राहू द्यावा. वळणाच्या बाहेरच्या कोपऱ्यात तिरकी फळी बसवली की तिथे क्षेत्रफळ अचानक फुगत नाही.

घडीचे चित्र आलेख-कागदावर, एकास दहा या प्रमाणात हातानेच काढावे. वाटेच्या मध्यातून जाणारी रेषा आखून तिच्यावर दर ३८ सेंटिमीटरला खूण करावी आणि प्रत्येक खुणेशी आडवे माप तपासावे. मागच्या कप्प्याला पहिल्या वळणाच्या आतल्या भागात जागा द्यावी. पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती करून पाहिल्यास कोणती फळी आधी आणि कोणती नंतर बसेल हे कळते. बांधणीच्या वेळी हा क्रम फार महत्त्वाचा ठरतो, कारण आतल्या काही स्क्रूंपर्यंत नंतर हात पोहोचत नाही.

हॉर्न, कप्पे आणि लाकूड मिळून पेटी बाहेरून साधारण ४९ सेंटिमीटर रुंद, ११० उंच आणि ७० खोल होते, म्हणजे एखाद्या फ्रिजइतकी जागा खाते. ती भिंतीला समांतर उभी करावी, एक बाजू त्या भिंतीला लावावी आणि मुख कोपऱ्यातल्या दुसऱ्या भिंतीकडे वळवून मध्ये ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर सोडावे. ध्वनी मुखातून निघून भिंतीवर आदळतो आणि कोपऱ्यातूनच खोलीत उलगडतो. मुख थेट श्रोत्याकडे वळवले तर ते मागच्या भिंतीपासून ७० सेंटिमीटर पुढे येते आणि त्या अंतरामुळे १२० हर्ट्झच्या आसपास खळगा पडण्याची शक्यता असते. म्हणून मी कोपऱ्याकडे तोंड असलेली मांडणीच सुचवतो.

लाकूड कापण्याआधी दाराची रुंदी, जिन्याचे वळण आणि लिफ्टची उंची मोजावी. तयार पेटी वूफरसह ६० ते ७० किलो भरते.

आठवी पायरी: बांधणी

१९ मिलिमीटर जाडीचे, आयएस ७१० छाप असलेले मरीन प्लाय घ्यावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमटपणामुळे एमडीएफच्या कडा फुगतात आणि सांधे उघडतात, म्हणून तिथे ते टाळलेलेच बरे. आठ बाय चार फुटांची दोन ते अडीच शीट एका हॉर्नला लागतात. १९ मिलिमीटर म्हणून विकलेले प्लाय प्रत्यक्षात थोडे पातळ असू शकते, तेव्हा शीट हाती आल्यावर जाडी मोजून मगच कटिंगची यादी पक्की करावी.

समान रुंदीच्या सगळ्या फळ्या प्लायच्या दुकानातील पॅनेल सॉवर एकाच बैठकीत कापून घ्याव्यात. त्यांच्या रुंदीत मिलिमीटरभराचाही फरक राहिला तर दुसरी बाजू बसवताना फटी पडतात. तिरक्या कडांचे काम अनुभवी सुताराकडे सोपवणे शहाणपणाचे आहे. त्याला फर्निचरचा नकाशा कळतो, हॉर्नचा नाही, म्हणून एका बाजूच्या फळीवर आतली संपूर्ण वाट पूर्ण आकारात पेन्सिलीने आखून द्यावी.

ही आखलेली फळी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर आतल्या फळ्या एकेक करून डिंक आणि स्क्रूंनी उभ्या कराव्यात. प्रत्येक सांध्याला आतून सीलंटची रेघ ओढावी. आतल्या फळ्यांमुळे दोन्ही बाजू जागोजागी बांधल्या जातात, त्यामुळे घडीचा हॉर्न मुळातच कडक असतो. फक्त मुखाजवळ, जिथे फळ्या विरळ होतात, तिथे आडवे दांडे द्यावेत. दुसरी बाजू शेवटी बसवायची असते. ती बसवण्याआधी वायर आत ओढली आहे का, तिच्या भोकाला सीलंट लागले आहे का आणि आत लाकडाचा भुसा उरला आहे का, हे पाहावे, कारण नंतर आत शिरणारा प्रत्येक सैल तुकडा खडखडणार आहे.

मागच्या कप्प्याचे झाकण उघडता येण्याजोगे ठेवून त्याला फोमची गॅस्केट आणि टी-नटमध्ये बसणारे एम-६ बोल्ट लावावेत. हा कप्पा हवाबंद नसेल तर पाचव्या पायरीचे सगळे गणित वाया जाते. पडदा बोटांनी हलकेच दाबून धरावा आणि सोडावा. तो सावकाश, रेटा दिल्यासारखा परत आला तर कप्पा बंद आहे. सीलंट पूर्ण सुकून त्याचा वास जाईपर्यंत वूफर बसवू नये. बाहेरच्या आणि मुखातल्या सगळ्या उघड्या कडांना सीलरचा हात देऊन मग पॉलिश करावे. वाळवीचा त्रास असलेल्या घरात पेटीचा तळ रबरी पायांवर उचलून ठेवावा.

नववी पायरी: जोडणी

प्रत्येक हॉर्नला स्वतंत्र अँप्लिफायर चॅनेल आणि डिजिटल क्रॉसओव्हर (खालचे व वरचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांकडे वाटून देणारे साधन) असावा. पॅसिव्ह क्रॉसओव्हर या वारंवारतेला महागड्या, मोठ्या कॉइल मागतो आणि त्याला विलंब देता येत नाही, तर येथे विलंबाशिवाय काम होत नाही. बासला १.६८ मीटर हॉर्न आणि पुढे कोपऱ्यातले अंतर कापावे लागते, म्हणून पेटीवर ठेवलेल्या मधल्या पट्ट्याच्या स्पीकरचा आवाज श्रोत्यापाशी सुमारे ५ ते ६ मिलिसेकंद आधी पोहोचतो. तेवढा विलंब मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना द्यावा.

वर २५० ते ३०० हर्ट्झला लोपास आणि खाली ४० ते ४५ हर्ट्झला प्रति सप्तक २४ डेसिबल उताराचा हायपास ठेवावा. हायपास न लावता मोठ्या आवाजात वाजवणे म्हणजे वूफर गमावणे होय. शक्ती फारशी लागत नाही. २० ते ३० वॅट घरासाठी पुष्कळ होतात. सदनिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की हे स्वर स्लॅबमधून वरखाली जातात आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी कायद्याने ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

दहावी पायरी: मोजमाप आणि जुळवणी

आधी इम्पीडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेला वूफरकडून विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, मोजावा. पेटीबाहेर वूफरचा एकच उंच, टोकदार सुळका दिसतो. हॉर्नमध्ये बसवल्यावर त्याच्या जागी बुटक्या, पसरट टेकड्या दिसायला हव्यात. दोन्ही हॉर्नचे आलेख एकमेकांवर ठेवले असता जुळले नाहीत, तर एका पेटीत गळती आहे असे समजून झाकणापासून शोध सुरू करावा.

त्यानंतर मोजणीचा मायक्रोफोन श्रोत्याच्या कानाच्या जागी ठेवून रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने प्रतिसाद घ्यावा. येथे हॉर्नपेक्षा खोलीच अधिक दिसते. १५ फूट लांबीमुळे ३८, १२ फूट रुंदीमुळे ४७ आणि १० फूट उंचीमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास खोलीचे स्वतःचे अनुनाद पडतात, आणि कोपऱ्यातला स्पीकर ते सगळे पुरेपूर जागवतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये, कारण लांबी व रुंदीच्या पहिल्या अनुनादांचा दाब तिथे सर्वांत कमी असतो. बैठक फूटभर पुढेमागे सरकवून पुन्हा मोजावे. पेटी आणि कोपऱ्याची भिंत यांतील अंतर पाच-पाच सेंटिमीटरने बदलून पाहावे. लाकूड न कापता करता येणारी ही सर्वांत प्रभावी जुळवणी आहे. इक्वलायझरने फक्त शिखरे उतरवावीत. खळगे भरण्याचा प्रयत्न केल्यास अँप्लिफायरची शक्ती जाते आणि खळगा तसाच राहतो.

शेवटी विलंब नेमका लावण्यासाठी मधल्या पट्ट्याची ध्रुवता (धन-ऋण तारांची जोडणी) उलटी करून सांध्याच्या वारंवारतेवर सर्वांत खोल खड्डा ज्या आकड्याला पडतो तो शोधावा, आणि ध्रुवता पुन्हा सरळ करावी. हा आकडा ५ ते ६ मिलिसेकंदांच्या आसपासच आला पाहिजे. खड्डा एका पूर्ण आवर्तनाने, म्हणजे ३०० हर्ट्झला ३.३ मिलिसेकंदांनी, पुढे किंवा मागेही पडतो आणि तो चुकून धरला जाऊ शकतो. पहिला पावसाळा उलटला की झाकणाचे बोल्ट पुन्हा आवळावेत, इम्पीडन्सचा आलेख नव्याने घ्यावा आणि बांधणीच्या वेळी जपून ठेवलेल्या आलेखाशी तो ताडून पाहावा.